व्हेंडर निवडताना मॅनेजरचा निर्णय कुठे चुकतो

तीन कोटेशन्स टेबलावर आली की पहिला आकडाच डोक्यात घर करतो. पहिल्याने ४ लाख सांगितले तर पुढचे ३.६० लाख स्वस्त वाटतात, मग बाजारभाव ३ लाख का असेना. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये हा परिणाम मांडला. म्हणून कोटेशन उघडण्याआधीच आपला अंदाज कागदावर लिहा, खाली तारीख टाका. मग तिन्ही दर एकाच पायावर आणा: जीएसटी धरून की वगळून, भिवंडीच्या गोदामातून अंधेरीपर्यंतचं टेम्पोभाडं, हमाली, पेमेंटची मुदत. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. १८ टक्के जीएसटी वगळून दिलेला दर उगाच कमी दिसतो.

जुन्या व्हेंडरकडे अडकलेला, परत न मिळणारा ॲडव्हान्स हिशेबात धरू नका. इथून पुढे किती लागणार, एवढंच पाहा.

जुलैत मुंबईत माल हवा असेल तर समुद्राच्या भरतीचं वेळापत्रक बघा. साडेचार मीटरवरची भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की सखल भागात पाणी तुंबतं, टेम्पो अडकतो. डिलिव्हरी दोन दिवस आधीची घ्या.

मीटिंगमध्ये साहेब आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात. त्यामुळे सगळ्यात ज्युनियर माणसाला पहिलं बोलू द्या, नाहीतर मतं चिठ्ठीवर घ्या. आणि स्टोअरकीपरला बोलवाच. माल उतरवताना काय फुटतं, हे त्यालाच ठाऊक असतं.