गाडीच्या रिमोट किल्लीचा सेल बदलताय? या चुका टाळा

रिमोट किल्लीचा सेल दोघांच्या चहा-नाष्ट्याच्या पैशांत येतो. किल्ली बिघडली तर मात्र शोरूमचं बिल हजारांत जातं. आणि सेल संपल्यामुळे किल्ली बिघडत नाही. बिघडते ती उघडताना.

सेलच संपलाय ना, ते आधी बघा

पूर्वी लांबून दार उघडायचं आणि आता काचेजवळ जाऊन दोन-तीनदा बटण दाबावं लागतंय, तर सेल उतरलाय. लॉक होतं पण अनलॉक होत नाही, अशी तक्रार असेल तर बहुतेक ते बटणच झिजलंय. घरातली दुसरी किल्लीही चालत नसेल तर गाडीची मोठी बॅटरी तपासा. मल्टिमीटरवरही फार विसंबू नका. लिथियम सेल जवळजवळ शेवटपर्यंत ३ व्होल्टच्या आसपास आकडा दाखवतो. बटण दाबलेलं असताना तो आकडा किती घसरतो, हे बघायचं असतं.

जोर लावावा लागतोय म्हणजे जागा चुकली

सगळ्यात जास्त किल्ल्या इथेच जातात. बटण-स्टार्ट गाडीच्या किल्लीत बहुधा एक साधी, पात्याची किल्ली लपवलेली असते. बाजूचा खटका दाबून आधी ती बाहेर काढायची. किल्ली उघडण्याची खाच बऱ्याचदा तिच्याच जागी सापडते. हे माहीत नसलेला माणूस सरळ मधल्या जोडात स्क्रूड्रायव्हर खुपसतो. आतले प्लास्टिकचे खटके तुटतात, टोक सर्किटवर ओरखडा काढतं, आणि मग किल्ली आयुष्यभर रबरबँड लावून फिरते. फेविक्विक लावलेल्या किल्ल्यांबद्दल तर न बोललेलंच बरं. पुढच्या वेळी त्या उघडायच्या कशा?

नाणं कापडात गुंडाळून खाचेत ठेवा आणि हलकेच पिळा. आत ढकलू नका. पातं मिटणाऱ्या किल्लीत कधीकधी छोटा स्क्रू असतो, कधी सेलपुरतंच वेगळं झाकण असतं. आधी सगळ्या बाजूंनी निरखून घ्या. खाली टॉवेल अंथरा, सोलापूरकराच्या घरात त्याची वाण नाही. हातही धुवा. शेंगा चटणीचं तेल लागलेल्या बोटांनी सेल धरला तर ते तेल थेट सेलवर आणि त्याला टेकणाऱ्या धातूच्या पत्तीवर जातं.

उघडताना काही खाली पडलं तर फेकू नका. काही किल्ल्यांत इमोबिलायझरची, म्हणजे गाडीला किल्लीची ओळख पटवणारी चिप सुटी बसवलेली असते. काळा, इवलासा तुकडा. मोडकं प्लास्टिक समजून तो केरात जातो आणि मग गाडी चालूच होत नाही. या चिपला सेल लागत नाही. इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून तिला वीज मिळते. म्हणून तर किल्ली फिरवून चालू करायची गाडी रिमोट बंद पडला तरी सुरू होते.

‘बसतोय ना, मग चालेल’

नाही चालणार. सेलवरचा नंबर हेच त्याचं माप. सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. २०२५ची जाडी २.५. पातळ सेलखाली कागदाची घडी घालण्याचा जुगाड चार दिवस टिकेल, मग पत्ती सुटेल. दोन २०१६ एकावर एक ठेवले तर जाडी बरोब्बर जमते, पण व्होल्टेज ६ होतं आणि सर्किट जळू शकतं. चार्जिंगचा सेलही नको, पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्टपर्यंत जातो. सेल आणायला नवी पेठेच्या बाजारात जाताना जुना सेल सोबत न्या, उघडी किल्ली नेऊ नका. सुटा सेल घेऊ नका. पाकिटातला घ्या आणि त्यावरची तारीख वाचा.

जुना सेल काढण्याआधी मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा, म्हणजे अधिकची खूण वर होती की खाली, यावर वाद नको.

बदलला, तरी चालत नाही?

सेल उलटा बसलाय का, पत्ती दबलीय का, एवढं आधी बघा. मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलांवर कडू लेप असतो, तोही कधीकधी संपर्कात आड येतो. दुसरा सेल टाकून बघा. बहुतेक रिमोट सेल काढल्याने काही विसरत नाहीत, त्यामुळे ‘प्रोग्रॅमिंग करावं लागेल’ असं कुणी म्हटलं तर लगेच पैसे काढू नका.

सेल वारंवार उतरत असेल तर किल्ली ठेवता कुठे ते बघा. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर त्याहून कितीतरी जास्त तापतं. या सेलांची मर्यादा साधारण ६० अंशांची.

तुळजापूरला किंवा अक्कलकोटला दर्शन घेऊन आलात आणि बटण-स्टार्ट गाडी किल्ली ओळखत नसेल, तर पात्याच्या किल्लीने दार उघडा, ब्रेक दाबा आणि किल्ली स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबा. अनेक गाड्या अशा सुरू होतात. काहींत किल्ली ठेवायची जागा वेगळी असते, ती मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि तो ई-कचऱ्यात द्या. तोवर लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतच गंभीर भाजू शकतं. तसा नुसता संशय आला तरी उलटी करवायच्या भानगडीत न पडता मुलाला थेट हॉस्पिटलमध्ये न्या, आणि सेलचं रिकामं पाकीट सोबत घ्या.