तुरुंगात भजन-प्रवचनाला जाताय? या चुका टाळा

चौदा वर्षं झाली, महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी आमचं मंडळ तुरुंगात भजनाला जातं. दरवर्षी नवे स्वयंसेवक येतात, मनापासून येतात, आणि त्याच चुका करतात. भोगतात मात्र आतले.

चिठ्ठी घेऊ नका. कुणाचीही, कसलीही.

मागे आमच्यात एक मुलगा आला होता. गळा गोड, मन त्याहून मऊ. तिसऱ्याच फेरीत निघताना एका बंद्यानं त्याच्या हातात घडी घातलेला कागद दिला. "दादा, आईला एवढा फोन करा. मी बरा आहे म्हणून सांगा." त्यानं तो अभंगाच्या वहीत ठेवला. फाटकावरच्या झडतीत वही उघडली गेली. नंबर आईचा नव्हताच, खटल्यातल्या साक्षीदाराचा होता. मुलाचा जबाब घेतला, त्या बंद्याच्या मुलाखती, म्हणजे घरच्यांच्या भेटी, थांबल्या, आणि आमचा कार्यक्रम सात महिने बंद. ते सात महिने बराकीतली चाळीस माणसं दर रविवारी वाट पाहत होती, हे नंतर कळलं तेव्हा मला जेवण गेलं नाही.

असे चोरून निरोप नेणं १८९४ च्या तुरुंग कायद्यानेच गुन्हा ठरवलं होतं, सहा महिन्यांपर्यंत कैदेचा. पण मी कायद्याच्या धाकानं सांगत नाही. एकाचं काम चोरून केलंत की उरलेल्यांचा हक्काचा तास तुम्ही पणाला लावता.

माझी सवय साधी आहे: फाटकाबाहेर पडेपर्यंत दोन्ही हातांत टाळ. घ्यायला हातच मोकळा नसतो. तोंडानं मात्र मी स्पष्ट सांगतो, "भाऊ, हे मला नेता येणार नाही. चला, साहेबांना आत्ताच सांगू." आणि खरंच सोबत जातो. वकिलाचं दुखणं असेल तर विधी सेवा प्राधिकरणाचं सांगतो. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोठडीतल्या कुणालाही, मिळकत कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. कितीतरी जणांना हे ठाऊकच नसतं. दहा चिठ्ठ्यांपेक्षा ही एक माहिती जास्त कामाची.

समोरचा गुन्हेगारच आहे असं धरून बोलू नका.

देशातल्या तुरुंगांत चारांतले साधारण तीन बंदी कच्चे, म्हणजे खटला निकाली न निघालेले. त्यांच्यापुढे उभं राहून "पापं धुऊन टाका" म्हणणारे प्रवचनकार मी पाहिलेत. एकदा मागच्या रांगेतला एक प्रौढ माणूस उठला आणि शांतपणे म्हणाला, "महाराज, माझी केस अजून उभी राहिली नाही. मी धुऊ काय?" त्यानंतर तो माणूस भजनाला सहा महिने आला नाही. नवख्यांना पहिल्याच दिवशी कुणाचं तरी हृदयपरिवर्तन करून परतायचं असतं. ही घाई मला अजिबात सहन होत नाही. गुन्हा विचारू नका. मी गाव विचारतो, तिकडून कुठली दिंडी जाते ते विचारतो. दोन-तीन वर्षांनी माणूस आपणहून बोलतो, किंवा बोलत नाही. दोन्ही ठीक.

"पुढच्या रविवारी नक्की" म्हणून गैरहजर राहू नका.

विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे आपण अभिमानानं सांगतो. तारखा बघा: २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२. अठरा रविवार, अठरा अध्याय, एकही खाडा नाही. विनोबा स्वतः कैदी होते, जाणार कुठे, असं कुणी म्हणेल. ऐकणारेही कैदीच असतात, त्यांचा रविवारही कुठे जात नाही. महिन्यातून एकदाच जमत असेल तर एकदाच सांगा.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात.

मोबाईल घरी ठेवा, फाटकावर नको. तबल्याची हातोडी आत सोडत नाहीत, बाहेरच सूर लावून घ्या. टाळांच्या जोड्या आत जाताना मोजा, येताना मोजा, यादीच्या दोन प्रती ठेवा.

शेवटचा अभंग लांबवू नका. बराक बंद होण्याआधी गणती असते, ती रखडली की अख्खी बराक ताटकळते.

समोर सगळ्या धर्मांची माणसं बसतात. कुणाला टिळा लावायला पुढे सरसावू नका, कुणाला आपल्या पंथात ओढू नका.

फक्त राखीपौर्णिमेला कॅमेरा घेऊन येणाऱ्यांनी येऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि सुटलेला माणूस कधी एसटी स्टँडवर दिसला, तर आपण होऊन हाक मारू नका. सोबत बायको-मुलं असतील, नवा मालक असेल. त्यानं ओळख दाखवली तर चहा घ्या. नाही दाखवली, तर आपली गाडी कुठे लागली ते बघा.