तोक्योत नवीन आलात? आधी आवाज आणि कचरा सांभाळा

तोक्योतल्या निशी-कासाई भागात राहायला येणाऱ्या आपल्या मंडळींना मी या दोनच गोष्टी कळकळीने सांगते. वाकून नमस्कार किती करावा, चॉपस्टिक कशा धराव्यात, यातल्या चुका इथले लोक पोटात घालतात. आवाज आणि कचऱ्याचा मात्र शेजाऱ्याला रोज त्रास होतो. तो तुम्हाला तोंडावर काही बोलणार नाही. तक्रार सरळ इमारतीच्या व्यवस्थापनाकडे जाईल.

मुंबई लोकलमधून आलेल्यांना इथल्या तोझाई लाइन या मेट्रोच्या गर्दीचं काही वाटत नाही, पण त्या गर्दीतली शांतता सांभाळावी लागते. फोन सायलेंटवर ठेवा. घरून कॉल आला तर "उतरल्यावर करते" एवढा मेसेज टाका. सॅक पाठीवरून काढून पोटाशी धरा. दाराशी उभे असाल तर स्टेशनवर खाली उतरून बाजूला व्हा, आतल्यांना उतरू द्या, मग परत चढा. सकाळच्या गर्दीत एक डबा फक्त बायकांसाठी असतो. पुरुषांनी फलाटावरची खूण बघून रांग धरावी. सरकत्या जिन्यावर तोक्योत डावीकडे, ओसाकात उजवीकडे उभं राहण्याची रीत आहे. नागोयात मात्र 2023 पासून जिन्यावर चालूच नये असा नियम आहे.

रस्त्यावर कचऱ्याचे डबे शोधू नका. 1995 मध्ये तोक्यो मेट्रोत झालेल्या सारिन या विषारी वायूच्या हल्ल्यानंतर ते बऱ्याच ठिकाणांहून काढले गेले. पर्समध्ये एक पिशवी ठेवा, कचरा घरी आणा. घरच्या कचऱ्याचं वेळापत्रक वॉर्ड ऑफिसातून मिळतं. ते फ्रिजवरच चिकटवा. जळणारा कचरा, प्लास्टिक, बाटल्या-डबे, प्रत्येकाचा वार वेगळा. पाण्याच्या बाटलीचं झाकण आणि लेबल काढायचं, बाटली विसळायची. पिशवी त्याच दिवशी सकाळी ठेवा. आदल्या रात्री ठेवली तर पहाटे कावळे फाडतात. चकल्या तळून उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका. ते घट्ट करायची पावडर सुपरमार्केटमध्ये मिळते. नाहीतर जुन्या कागदात मुरवून जळणाऱ्या कचऱ्यात टाका.

रात्री उशिरा मिक्सर किंवा वॉशिंग मशीन लावू नका. मुलं लहान असतील तर जमिनीवर जाड मॅट टाका आणि राहायला आल्याच्या पहिल्याच आठवड्यात खाऊचा लहानसा पुडा घेऊन शेजारी आणि खालच्या मजल्यावर भेटून या. घरात मुलं आहेत, आवाज झाला तर सांगा, एवढं बोललात तरी पुरे. जपानी येत नसेल तर फोनवर भाषांतर करून दाखवा.