मान उचलाई नही ऱ्हायनी : वॉर्डात नव्याने येणाऱ्यांसाठी

माझ्या गळ्यातल्या कार्डावर 'पेशंट केअर असिस्टंट' लिहिलंय. सर्टिफिकेटवर 'जनरल ड्युटी असिस्टंट' (जीडीए) आहे, आणि हल्ली जाहिरातींत याच कामाला 'टेक्निशियन'ही म्हणतात. वॉर्डात मात्र मी कोणाची सिस्टर, कोणाची ताई, आणि बापाच्या वयाच्या माणसांचीसुद्धा 'ओ मावशी'. रुजू झाले तेव्हा मला नुकतं एकविसावं लागलं होतं. आठवडाभर राग आला, मग कान सरावले.

मी अमळनेर तालुक्यातली. बारावी आर्ट्स केलं, मग सहा महिन्यांचा जीडीएचा कोर्स, आणि जळगावच्या एका खासगी हॉस्पिटलात नोकरी. कोर्सबद्दल एकच सांगते. 'सहा महिन्यांत नर्स व्हा' असा बोर्ड दिसला तर पुढे चालू लागा. नर्स व्हायला एएनएमची दोन किंवा जीएनएमची तीन वर्षं लागतात, आणि वर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. माझ्या बॅचमधल्या दोघींना हे फी भरल्यावर कळलं. जीडीए वेगळं काम आहे. ते वाईट नाही, पण इंजेक्शन देणं आणि सलाईनचा वेग कमीजास्त करणं त्यात येत नाही. नातेवाईक तर हमखास म्हणणार, "ताई, ती चक्री जरा फिरवा ना, फार हळू पडतंय." फिरवायची नाही. सिस्टरला हाक मारायची.

मग करायचं काय? अंग पुसणं, चादर बदलणं, बेडपॅन देणं, नळीतून जेवण देताना डोक्याकडची बाजू उंच ठेवणं, स्ट्रेचर ढकलणं. जो पेशंट स्वतः हलू शकत नाही त्याची दर दोन तासांनी कूस बदलायची. माकडहाड, टाचा, कोपर बघायचे. लाल झालेली जागा बोटाने दाबल्यावर पांढरी पडली नाही, तर जखम सुरू झाली समजा. लघवीची पिशवी नेहमी पोटाच्या खाली लटकलेली हवी. एक्स-रेला नेताना ती पेशंटच्या मांडीवर ठेवायची सवय सगळ्यांना असते, मलाही होती. त्याने लघवी उलटी आत जाते आणि जंतूही सोबत जातात.

बीपी घेताना पेशंटला पाच मिनिटं शांत बसू द्या, आणि पट्टा उघड्या दंडावर बांधा. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायांच्या चोळीची बाही घट्ट असते. ती वर सरकवली की दंड आवळला जातो आणि आकडा चुकतो, म्हणून पडदा ओढून हात बाहेर काढायला सांगायचं. ऑक्सिजनचा क्लिप लावायच्या आधी नखं बघा. लग्नसराईत नेलपॉलिशमुळे कधीकधी कमी आकडा येतो आणि उगाच धावपळ होते. श्वास मोजताना पेशंटला सांगू नका, सांगितलं की तो वेगळाच श्वास घेतो. मी मनगट धरून नाडी बघतेय असं दाखवते आणि पूर्ण मिनिटभर छाती बघते.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले, ते सांगते. आपल्याकडे कपाशीवर फवारणी सुरू झाली की वॉर्डात विषबाधेचे पेशंट येतात. कोणाच्या अंगावर पंप गळलेला असतो, कोणी स्वतःहून घेतलेलं असतं. दोन्हीत विष तेच, आपलं काम तेच. मोनोक्रोटोफॉसच्या जातीचं औषध असेल तर तोंडाला फेस, लाळ, घाम, आणि कपड्यांना लसणासारखा उग्र वास. आधी हातमोजे घालायचे, मगच हात लावायचा. कपडे काढून पिशवीत बांधायचे, अंग साबण-पाण्याने धुवायचं, केस आणि नखांच्या खाचासुद्धा. विष कातडीतूनही आत जातं, पेशंटच्या आणि आपल्याही.

ॲट्रोपिन, म्हणजे या विषावरचं इंजेक्शन, सुरू झालं की पेशंट बरळू शकतो. पारोळ्याकडचे एक आबा रात्रभर हवेत हात घालून कापूस वेचत होते. मधेच मला म्हणायचे, "माय, गाठोडं बांध." मुलगा रडत होता. मी सलाईनचा हात धरून बसले, कारण त्या वेचणीत सुई दोनदा निघाली होती.

तिसऱ्या दिवशी आबा शुद्धीवर आले. गाव भेटायला आलं, 'उद्या घरी' अशी भाषा सुरू झाली. दुपारी पाणी पाजायला मी उशी सरकवली, तर अहिराणीत म्हणाले, "माय, मान उचलाई नही ऱ्हायनी." म्हणजे मान उचलली जात नाहीये. मुलगा म्हणाला, अशक्तपणा असेल, तीन दिवस अन्न नाही पोटात. मलाही तसंच वाटलं. पण सकाळी याच माणसाने मान उचलून चहा मागितला होता. सिस्टरकडे गेले, त्यांनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी मान उचलायला लावली, श्वास मोजला, आणि तासाभरात आबा आयसीयूत व्हेंटिलेटरवर. नंतर त्यांनीच समजावलं : या विषात एक ते चार दिवसांनी, बरं वाटत असतानाच, स्नायू ढिले पडतात. आधी मान जाते, मग श्वास.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मला फक्त सकाळचा चहा आठवत होता. डॉक्टर राउंडला दोन मिनिटं उभे राहतात, सिस्टरच्या हातात वीस फाइली असतात. सहा तास पेशंटच्या अंगाशी आपणच असतो. काल जेवला आज नाही, सकाळी बोलत होता आता गप्प, लघवीची पिशवी दुपारपासून तेवढीच, हे आपल्यालाच दिसतं. दिसलं की सांगा, आणि वेळेसकट सांगा. दहातल्या आठ वेळा "काही नाही, जा" असं ऐकावं लागेल. माझ्यावर एकदा एक सिस्टर खेकसल्याही होत्या.

अहिराणी येत असेल तर लपवू नका. मुलाखतीत मी शुद्ध बोलायचा केवढा प्रयत्न केला होता! म्हातारी माणसं डॉक्टरांसमोर 'बरं आहे' म्हणतात आणि आपल्यासमोर "पोटमा आग पडी ऱ्हायनी" म्हणतात. नंदुरबारकडून, सातपुड्यातून पावरा किंवा भिल्ल पेशंट आले की माझीही भाषा संपते. तेव्हा सोबतच्या शाळकरी पोराला जवळ बसवून घ्यायचं.

नातेवाईकांचं म्हणाल तर उपाशी ठेवलेल्या पेशंटला "दोन घोट चहा" पाजणारी आत्या प्रत्येक खोलीत असते. खाटेवर लावलेली 'एनबीएम' (तोंडाने काही द्यायचं नाही) पाटी तिला वाचता येत नाही. तोंडाने सांगा, आणि का ते सांगा.

माझी मोठी चूकही सांगते. एकदा चादर गोळा करताना त्यात कोणीतरी विसरलेली सुई बोटात गेली. सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जायला हव्यात हे सगळ्यांना पाठ असतं, तरी असं होतं. ओरडा बसेल म्हणून मी चार तास कोणाला बोलले नाही. तुम्ही तसं करू नका. बोट पिळायचं नाही, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि लगेच कॅज्युअल्टीत सांगायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागली तर ती पहिल्या दोन तासांत सुरू झालेली बरी, 72 तासांनंतर उपयोग नाही. पेशंटचा रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि मी सुटले. हिपॅटायटिस बीचे तीन डोस (आज, महिन्याने, सहा महिन्यांनी) मी त्यानंतर स्वतःच्या पैशाने घेतले.

म्हणून रुजू व्हायच्या आधी विचारा : लस कोण देणार, पीएफ कापणार का, दुपारची ड्युटी रात्री आठला सुटल्यावर घरी जायला गाडी आहे का, आणि रात्री एका माणसाकडे किती खाटा. मी यातलं काहीच विचारलं नव्हतं. पहिल्या नाइटला बावीस खाटा होत्या, आणि मी एकटी.