रातांब्याचा हंगाम: आंबट आहे म्हणून निर्धास्त राहू नका

कालावधी: एप्रिल ते जूनचा पहिला आठवडा. सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि गोव्यातील कोकम बागायतदार व घरगुती प्रक्रिया करणाऱ्यांसाठी.

रातांबे (कोकमाची फळं) लाल होऊ लागले की घराघरांत आमसुलं (वाळवलेल्या साली), आगळ (मीठ घातलेला रस) आणि अमृत कोकम (गोड सरबत) यांची तयारी सुरू होते. सोबत एक समजही कानावर येतो: कोकमात जंतू टिकत नाहीत. यात तथ्य आहे, पण अर्धंच. उरलेल्या अर्ध्याची काळजी आपल्यालाच घ्यायची आहे, आणि ती घेतली नाही तर आजारी पडतो तो आपला माल विश्वासाने घेणारा माणूस.

कोकमाच्या सालीत हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल भरपूर असतं. त्यामुळे आगळाचा पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ३ च्या खालीच राहतो आणि अन्नातून विषबाधा करणारे बहुतेक जिवाणू त्यात वाढू शकत नाहीत. सालीत गार्सिनॉल नावाचं पिवळं द्रव्यही असतं. प्रयोगशाळेत ते स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूला रोखताना दिसलं आहे. मात्र गार्सिनॉल पाण्यात नीट विरघळत नाही. प्रयोगात वापरतात तो सालीतून काढलेला अर्क. तुमच्या सरबतात किंवा कढीत तेवढं गार्सिनॉल उतरेल असं धरून चालू नका.

आणखी एक गोष्ट: आम्लात जिवाणू वाढत नाही याचा अर्थ तो लगेच मरतो असा नाही. १९९६ मध्ये अमेरिकेत पाश्चरीकरण न केलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय या शेणातून पसरणाऱ्या जिवाणूची बाधा झाली होती. तो रसही आंबटच असतो. म्हणून शेण, माती किंवा दूषित पाण्याचा संपर्क सुरुवातीलाच टाळणं महत्त्वाचं.

झाड हलवून फळं पाडत असाल तर खाली जाळी किंवा स्वच्छ ताडपत्री बांधा. जमिनीवर पडून फुटलेले रातांबे आगळासाठी घेऊ नका. काढणीच्या दिवसांत झाडाखाली ताजं शेण किंवा जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं खत) नको. फळं फोडण्याआधी वाहत्या पाण्यात धुवा. विहिरीच्या पाण्याची खात्री नसेल तर १० लिटर पाण्यात ४ टक्के सोडियम हायपोक्लोराइट सुमारे १२ मिली (खाण्याच्या वस्तूंसाठीचं, सुगंध न मिसळलेलं) घालून अख्खी फळं दोन-तीन मिनिटं बुडवा, मग पिण्याच्या पाण्याने धुऊन घ्या. हे क्लोरीनचं पाणी रसात किंवा फोडलेल्या सालींवर कधीही जाऊ देऊ नका; आम्लाशी मिसळलं की त्यातून विषारी वायू निघतो.

सर्वांत जास्त लक्ष द्यायचं ते पुटाच्या टोपाकडे, म्हणजे आमसुलांसाठी साली ज्या रसात पुन्हा पुन्हा बुडवतात त्या भांड्याकडे. साली उन्हात वाळवायच्या, मीठ घातलेल्या रसात बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या असं चार-पाच वेळा चालतं आणि रस तोच असतो. पहिल्या दिवशी त्यात जे पडलं, ते शेवटच्या पुटापर्यंत फिरत राहतं. टोप रात्री झाकून ठेवा, हात घालण्याऐवजी स्टीलचा झारा वापरा. अॅल्युमिनिअम, तांबं किंवा जस्ताचा मुलामा दिलेली भांडी नकोत, आम्लाने धातू रसात उतरतो. वाळवण अंगणात जमिनीवर न घालता कमरेएवढ्या मांडवावर, वर जाळी लावून घाला, म्हणजे कोंबड्या-कुत्र्यांची ये-जा होणार नाही.

रातांबे फोडताना बोटं कापतात. जखम असलेल्या माणसाला त्या दिवशी दुसरं काम द्या. स्टॅफिलोकोकस जखमेत आणि नाकात राहतो, आणि इतर जिवाणू थांबतात इतक्या मिठातही तो वाढतो. आगळात त्याला आम्ल अडवतं. पण तेच आगळ नारळाच्या दुधात घालून सोलकढी केली की आम्ल पातळ होतं, आणि नारळाचं दूध जिवाणूंना मानवतं. त्यांनी एकदा विष तयार केलं की ते उकळूनही जात नाही. न्याहारी-जेवण देणाऱ्या घरांनी आणि स्टॉलवाल्यांनी म्हणूनच सोलकढी लागेल तेवढीच करावी, केल्याबरोबर ५ अंशांखाली ठेवावी आणि मे महिन्याच्या उकाड्यात तासाभराहून जास्त बाहेर राहिलेली टाकून द्यावी. सकाळच्या कढीत संध्याकाळी नवं आगळ ओतून ती ताजी होत नाही.

लेबलवर ‘जंतुनाशक’ किंवा रोग बरा करण्याचे दावे छापू नका. बनवल्याची तारीख आणि मिठाचा उल्लेख मात्र हवाच.

वळवाचे ढग दिसले की अर्धवट वाळलेलं लगेच आत घ्या. जूनमध्ये हवा दमट झाली की आमसुलांवर बुरशी चढते. आम्ल तिला थांबवत नाही, उलट काही बुरशा आम्लच खातात आणि जिवाणूंना वाट करून देतात. पांढरा थर आलेली आमसुलं धुऊन, पुन्हा वाळवून विकू नका. ती खतात घाला, आणि त्याच डब्यातली बाकीची आमसुलंही एकेक करून तपासा.