डिसेंबरात अवसान गळू द्यायचं नसेल तर: विस्कॉन्सिनमधली उशिराची हरणाची शिकार

थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या) आधीच्या शनिवारी सुरू झालेला बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम संपतो, पेट्रोल पंपांवरची नारिंगी जॅकेटांची गर्दी ओसरते, आणि ज्यांच्या फ्रीजरमध्ये अजून काहीच पडलेलं नसतं त्यांना वाटायला लागतं, यंदाचं वर्ष गेलं. आपल्या मराठी मंडळींत शिकारीला जाणारे थोडे. त्यातले बरेच जण डिसेंबर लागला की नाद सोडतात, असं मला दरवर्षी दिसतं. म्हणून हे लिहिते आहे.

मी मूळची कराडची. गेली बरीच वर्षं सॉक काउंटीत राहते, चीजच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते आणि शेजारच्या एका म्हाताऱ्या डेअरीवाल्याच्या रानात, त्यांच्या परवानगीने, शिकार करते. बंदूक धरायला मी इथेच शिकले. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. पुढचं सगळं फक्त इथल्या व्हाइटटेल हरणाबद्दल आहे. इथे ते संख्येने भरपूर आहे आणि त्याची शिकार परवान्याने होते. १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परवान्याआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. एच-१बीसारख्या व्हिसावर असाल तर आणखी एक गोष्ट: अशा व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याची मनाई आहे, आणि वैध शिकार परवाना हा त्याला असलेला एक अपवाद आहे. बंदुकीला हात लावण्याआधी तुमचं नेमकं काय ते विचारून घ्या. धनुष्याला आणि क्रॉसबोला ही अडचण येत नाही.

आधी कॅलेंडर भिंतीवर लावा. नऊ दिवस संपले की लगेच दहा दिवस ठासणीच्या बंदुकीचे असतात. मग थँक्सगिव्हिंगनंतरच्या दुसऱ्या गुरुवारपासून चार दिवस फक्त बिनशिंगी हरणांचे. काही काउंटींत २४ डिसेंबर ते १ जानेवारी हॉलिडे हंट असते. धनुष्य आणि क्रॉसबोचा हंगाम तर जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो, काही काउंटींत ३१ जानेवारीपर्यंत. आपल्या काउंटीचे नियम आणि हातात उरलेले टॅग (एक टॅग म्हणजे एक हरीण मारायची परवानगी) त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत बघा. किती दिवस उरलेत हे डोळ्यांसमोर असलं की ‘आता काय राहिलंय’ हा विचार आपोआप मागे पडतो.

आणि आपण एकटेच रिकाम्या हाताने परतलो असंही समजू नका. २०२२ च्या नऊ दिवसांत राज्यभरात दोन लाखांहून थोडी जास्त हरणं मारली गेली. २०२३ मध्ये तो आकडा पावणेदोन लाखांवर आला. बंदुकीचे परवाने मात्र साडेपाच लाखांच्या घरात जातात. म्हणजे बहुतेक लोक मोकळेच घरी जातात. उबदार नोव्हेंबर, बर्फाचा पत्ता नाही, मका अजून उभा, हरणं त्यात दडलेली, असं वर्ष आलं की भल्याभल्यांना काही मिळत नाही.

काय हवं आहे ते पुन्हा ठरवा

ऑक्टोबरात ठरवलेलं डिसेंबरात ओढत नेलं की माणूस थकतो. मोठ्या शिंगांच्या नराचं स्वप्न तेव्हा ठीक होतं. आता ते नर माजातून बाहेर पडून खंगलेले असतात. माजाच्या काळात त्यांचं वीस-पंचवीस टक्के वजन उतरतं. ते रात्रीशिवाय फारसे हलत नाहीत, आणि डिसेंबरअखेरपासून त्यांची शिंगंही गळायला लागतात. मी या दिवसांत एकच गोष्ट मागते: एक धष्टपुष्ट मादी. तिच्यातून हाडं काढलेलं पन्नास पौंडांच्या आसपास मांस निघतं. आमच्या घरात ते वसंत ऋतूपर्यंत पुरतं. आमच्या भागात माद्या कमी करणं रानाच्या दृष्टीनेही गरजेचं आहे. हरणं दाट झाली की ओकची नवी रोपं वर येऊच देत नाहीत.

ध्येय लहान केलं की रानात बसायची कारणं वाढतात. मादी कळपाने येते, उजेडात येते, आणि बिनशिंगी टॅग बहुतेकांच्या खिशात पडलेला असतो.

सकाळ सोडून द्या

हे मी सगळ्यात ठासून सांगते. पहाटे चार वाजता उठून, उणे पंधरा सेल्सियसमध्ये, अंधारात मचाणापर्यंत जाणं डिसेंबरात बहुतेक वेळा नुकसानीचंच ठरतं. हरणं रात्रभर शेतात चरत असतात, तुम्ही त्यांच्यामधून चालत जाता आणि ती उधळतात. एकदा उधळलेला कळप त्या कोपऱ्याला बरेच दिवस फिरकत नाही. दुपारी मात्र ती उन्हाच्या उतारावर रवंथ करत पडलेली असतात, आणि थंडी जितकी कडाक्याची तितकी लवकर खायला उठतात. आमच्याकडे डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य साडेचारच्या आतच मावळतो. म्हणजे दीड-दोनला जाऊन बसलात तर सगळी शिकार अडीच-तीन तासांत आटोपते. झोप होते, सकाळची शिफ्ट करून जाता येतं, घरचे कुरकुरत नाहीत.

रोज जायचंही नाही. दहा दिवसांचा हवामान अंदाज बघून दोन-तीन दिवस निवडा: जेव्हा तापमान एकदम खाली येणार आहे, बर्फाचं वादळ येऊ घातलंय किंवा नुकतंच संपलंय, आणि वारा तुमच्या जागेला अनुकूल आहे. बाकीच्या दिवशी घरी बसा, विळे-सुऱ्यांना धार लावा, मुलांना वेळ द्या. उत्साह टिकतो तो असा राखून खर्च केल्याने.

आमच्या घरी याला आणखी एक बाजू आहे. बिनशिंगी हरणांचा तो चार दिवसांचा हंगाम गुरुवारी सुरू होतो आणि बहुतेक वर्षी तो नेमका मार्गशीर्षातला गुरुवार असतो. सासूबाईंची घटाची पूजा असते, त्या दिवशी घरात मांस येत नाही. मी शुक्रवारी जाते. गुरुवारी रानात जो काही गोंधळ व्हायचा तो होऊन गेलेला असतो आणि शुक्रवारी दुपारी माणसं कामावर असतात, त्यामुळे माझं काही बिघडत नाही.

खाणं शोधा, हरीण सापडेल

नोव्हेंबरात नर माद्यांच्या मागे धावत असतो, तेव्हा तो कुठून येईल याचा नेम नसतो. गाभण न राहिलेल्या माद्या साधारण अठ्ठावीस दिवसांनी पुन्हा माजावर येतात आणि चांगली पोसलेली काही मादी पाडसंही डिसेंबरात पहिल्यांदा माजावर येतात, म्हणून मधूनच एखादा नर दिवसा दिसतोही. पण त्यावर भिस्त ठेवू नका. आता सगळा हिशेब पोटाचा. कापलेल्या मक्याच्या शेतात सांडलेले दाणे, कापायचं राहिलेलं सोयाबीन, आणि रेड ओकची फळं. व्हाइट ओकची फळं कमी तुरट, ती हरणं शरद ऋतूतच संपवतात. रेड ओकची तुरट फळं बर्फाखाली उरलेली असतात.

बर्फ पडून गेल्यावर भर दुपारी एक फेरी मारा, बंदूक असो वा नसो. रेड ओकखाली बर्फ उकरलेला दिसेल, कोंबड्यांनी उकिरडा विस्कटावा तसा, काळीभोर ओली पानं वर आलेली. वाकून बघा. उकरलेल्या कडा भुसभुशीत असतील तर ते कालरात्रीचं किंवा आज पहाटेचं. कडांवर बर्फ गोठून कडक झाला असेल तर ते जुनं. शेजारी लेंड्या चकचकीत आणि दाबल्या की दबणाऱ्या असतील तर कळप जवळच आहे. मग माग उलटा धरून वर चढू नका. लांबूनच दुर्बिणीने दक्षिणेकडच्या उताराचा वरचा भाग बघा. आमचा भाग ड्रिफ्टलेस म्हणजे हिमनद्यांनी न सपाट केलेला, अरुंद दऱ्या आणि उभ्या टेकड्यांचा. दक्षिण उतारांवर ऊन पडतं, बर्फ लवकर वितळतो, आणि अंगाच्या उबेने बर्फात पडलेले लांबट खळगे तिथेच दिसतात. खळगे वर आणि खाणं खाली. तुमची जागा या दोहोंच्या मधल्या वाटेपासून बाजूला.

बाजूला का, तर वाऱ्यामुळे. ऊन असेपर्यंत हवा उताराने वर चढते. सूर्य टेकडीआड गेला की गार होऊन खाली वाहायला लागते, आणि हे अगदी काही मिनिटांत होतं, नेमकं हरणं उठायच्या वेळी. मी मिल्कवीडची वाळलेली शेंग खिशात ठेवते. आपल्याकडच्या रुईसारखीच तिच्यातून म्हातारी निघते. एक म्हातारी बोटांतून सोडायची आणि ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायचं. साडेतीनला ती माझ्या डोक्यावरून वर तरंगत जाते. चारच्या सुमाराला तीच जागा, आणि म्हातारी गुडघ्यांपाशी येऊन खाली दरीत निघते. ती जिथे जाते तिथे तुमचा वास जातो. तिच्या वाटेवर हरणांची वाट येत असेल तर जागा बदला.

थंडी

माणूस रानातून लवकर उठतो तो बहुधा पाय गारठल्यामुळे. सुती कपडा अंगाला लागता कामा नये, आतून लोकर. जाड जॅकेट पाठीवर बांधून न्यायचं आणि बसल्यावर, घाम वाळल्यावर घालायचं. बूट एक नंबर मोठे घ्या, पायाखाली फोमचा तुकडा टाका. हातपाय गरम करणाऱ्या पुड्यांना हवा लागते. घट्ट बुटात कोंबल्या की त्या थंड पडतात. खायला तिळगुळाचे लाडू किंवा शेंगदाण्याची चिक्की न्या, पण फडक्यात बांधून, प्लॅस्टिकचा आवाज शांत रानात फार लांब जातो. बंदुकीच्या हंगामात कमरेवरचे निम्मे कपडे भडक नारिंगी किंवा गुलाबी हवेतच, धनुष्याने शिकार करत असलात तरी.

मचाणाच्या शिडीवर बर्फ असतो. जमीन सोडल्यापासून जमिनीवर परत येईपर्यंत हार्नेस (अंगावरचा सुरक्षेचा पट्टा) अडकवलेलाच ठेवा. कुठे बसणार आणि किती वाजता परतणार ते घरी सांगून जा. बोटांनी साधी चेन लावता येईना, बोलणं अडखळायला लागलं, तर हरीण समोर असलं तरी उतरा आणि गाडीत जाऊन हीटर लावा. बंदूक घरात आणू-नेऊ नका; गरम घरातल्या ओलाव्याने दुर्बिणीवर बाष्प धरतं. रिकामी करून, कुलपात, गॅरेजच्या थंडीतच ठेवा.

गोळी झाडण्याआधी

उशिराच्या हंगामात मला सगळ्यात काळजी वाटते ती याची. बरेच दिवस काही मिळालं नसलं की माणूस नको तो बार टाकतो: फार लांबून, झाडोऱ्यातून, उजेड संपत आल्यावर. जखमी होऊन रात्री उणे वीसमध्ये मरणारं हरीण ही शिकार नव्हे. म्हणून अंतर घरूनच ठरवून निघा आणि रानात ते वाढवू नका. धनुष्य असेल तर जाड जॅकेट घालून अंगणात सराव करा. दोरी बाहीला घासली की बाण भरकटतो, आणि गारठलेल्या खांद्यांना नेहमीचा ताण ओढवत नाही.

कळप आला की पहिल्या हरणावर नेम धरू नका. एकटं, बिनधास्त पुढे आलेलं ‘मादी’ बऱ्याचदा नर पाडस असतं: तोंड आखूड, कपाळ सपाट. दोन-तीन शेजारी उभी राहू द्या, मग लांब तोंडाची मोठी मादी ओळखता येते. ती आडवी उभी राहून पुढचा पाय टाकेपर्यंत थांबा.

हरीण पडलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंदणी करा. आणि सीडब्ल्यूडीची (क्रॉनिक वेस्टिंग डिसीजची) तपासणी करून घ्या. हा हरणांच्या मेंदूचा रोग विस्कॉन्सिनमध्ये २००२ मध्ये पहिल्यांदा सापडला, तोही आमच्याच बाजूला, आणि नैर्ऋत्य काउंटींत तो बराच पसरला आहे. राज्याचा नैसर्गिक संसाधन विभाग तपासणी फुकट करतो. निकाल येईपर्यंत मांस वेगळं बांधून, तारीख लिहून ठेवा. रोग निघाला तर ते खायचं नाही. दिसायला ठणठणीत हरणातही रोग निघतो, तेव्हा डोळ्यांवर विसंबू नका.

निकाल चांगला आला की पहिला वाटा रानाच्या मालकाचा. शेजारचे आजोबा आता स्वतः मचाणावर चढत नाहीत. मी त्यांना पाठीचं मांस नेऊन देते आणि मांडीचं घरी ठेवते. या मांसाला चरबी नसते, त्यामुळे रश्श्यात तेल थोडं जास्त आणि आच अगदी मंद.

हंगाम कोराच गेला तरी जानेवारीत बर्फ असेपर्यंत तेच रान एकदा पूर्ण चालून काढा. आता उधळायची भीती नाही, तेव्हा दक्षिण उतारावर थेट खळग्यांपर्यंत चढा, वाटा नकाशावर आखा, गळलेली शिंगं मिळाली तर त्या जागेवर खूण करा. आणि पुढच्या हंगामाची परवानगी मालकाकडे त्याच आठवड्यात मागा, गवत कापणीच्या धांदलीत मागू नका.