पोलीस ठाण्यात ‘बसवून ठेवलंय’ असं कळलं तर

“अटक नाही, चौकशीसाठी नुसतं बसवून ठेवलंय.” जत असो, पाटण असो की मिरज, घरच्यांना मिळणारं पहिलं उत्तर बहुधा हेच असतं. इथंच सावध व्हा. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ प्रमाणे अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांत जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढं हजर करावं लागतं. वगळतात तो फक्त प्रवासाचा वेळ. रविवार किंवा सुट्टी असली तरी तास मोजले जातातच. कागदावर अटक उशिरा दाखवली, की हे चोवीस तासही उशिरा सुरू झाल्यासारखे दिसतात. पण माणसाच्या हिंडण्याफिरण्यावर बंधन आलं तेव्हापासून अटक सुरू होते, असं मुंबई उच्च न्यायालयानं १९९० मध्येच सांगितलंय. तेव्हा पहिलं काम म्हणजे वेळेचा पुरावा.

कुठून नेलं, किती वाजता, गाडीचा नंबर, कोण कोण होतं, हे लगेच लिहून काढा. जवळच्या दुकानात सीसीटीव्ही असेल तर मालकाला त्याच दिवशी फुटेज काढून ठेवायला सांगा. बऱ्याच मशिनमध्ये जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांत पुसलं जातं. मग ठाण्यात दोन प्रतींत अर्ज द्या आणि एका प्रतीवर वेळेसह पोहोच घ्या. पोहोच देत नसतील तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना ईमेल करा, स्पीड पोस्टनंही पाठवा. तोंडी विनंती आणि ओळखीतून केलेले फोन कोर्टात उपयोगी पडत नाहीत.

आत असलेल्या माणसाकडून “स्वखुशीनं थांबलो” असं लिहून घेतलं जाऊ शकतं. मूलभूत हक्क असे सोडून देता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात स्पष्ट केलंय. तरीही सही करू नये, कारण पुढं तोच कागद वेळेच्या वादात आडवा येतो.

अटक दाखवली की दोन कागद मागा. पहिला अटकेचा पंचनामा. त्यावर तारीख, वेळ, नातेवाईक किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याची सही हवी. दुसरा अटकेच्या कारणांचा. नुसता कलमाचा आकडा म्हणजे कारण नव्हे. याच माणसानं नेमकं काय केल्याचा आरोप आहे, ते त्याला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावं लागतं. नोव्हेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की आधी देणं शक्य नसेल तरी रिमांडसाठी (पुढच्या कोठडीच्या आदेशासाठी) हजर करण्याच्या किमान दोन तास आधी हा कागद हातात पडलाच पाहिजे. तो नसेल तर वकिलानं रिमांडच्या वेळीच लेखी हरकत घ्यावी.

सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सरसकट अटक करता येत नाही. साधारणपणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३५(३) ची, चौकशीला हजर राहा अशी नोटीस येते. नोटीस आली तर ठरल्या वेळी जाच. न जाणं हेच अटकेचं कारण बनतं. स्त्रियांना सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची तर अपवादात्मक परिस्थिती, महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते.

वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. सातारा आणि सांगली, दोन्हीकडं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १५१०० या क्रमांकावरही मागणी करता येते. चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं, मात्र पूर्ण वेळ शेजारी बसवता येत नाही. मारहाण झाली असेल तर न्यायदंडाधिकाऱ्यापुढं पहिल्याच हजेरीला सांगा आणि वैद्यकीय तपासणी मागा. वळ पुसले गेले की सिद्ध करणं फार अवघड होतं.

अनुच्छेद २२ चं हे संरक्षण घटनेच्या मूळ मसुद्यात नव्हतं. ‘ड्यू प्रोसेस’ (कायद्याची रास्त प्रक्रिया) हा शब्दप्रयोग गळल्यानं नागरिक उघडा पडतोय, हे ओळखून डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९४९ मध्ये ते संविधान सभेत आणलं. ज्या साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचं नाव दाखल झालं, त्या जिल्ह्यात तरी हे कलम प्रत्येक घराला माहीत असायला हवं.

चोवीस तास उलटले आणि हजर केलं नाही, तर उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली बंदी प्रत्यक्षीकरण याचिका (हेबियस कॉर्पस), म्हणजे डांबून ठेवलेल्या माणसाला कोर्टापुढं आणा अशी मागणी. यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट २०२५ पासून सातारा आणि सांगली जिल्ह्यांसाठी उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आहे. सोबत पोहोच, ईमेल आणि फुटेज जोडा. उशीर करू नका: एकदा वैध रिमांडचा आदेश झाला, की ही याचिका सहसा टिकत नाही, जामिनाकडंच वळावं लागतं. माहितीच्या अधिकारातही अर्ज टाका आणि प्रश्न व्यक्तीच्या स्वातंत्र्याचा आहे असं ठळक लिहा. अशा अर्जाला तीस दिवसांत नव्हे, ४८ तासांत उत्तर द्यावं लागतं.

एमपीडीएखाली, म्हणजे धोकादायक ठरवलेल्या माणसाला खटल्याआधीच डांबता येणाऱ्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली, स्थानबद्ध केलं असेल तर चोवीस तासांचा नियम लागू होत नाही. तिथं स्थानबद्धतेची कारणं मागून घ्या आणि लेखी निवेदन लगेच पाठवा. त्यावर विचार करायला कारणाशिवाय विलंब झाला, तर त्या मुद्द्यावर आदेश रद्द होऊ शकतो. म्हणून त्याचीही पोहोच जपा.